फोल्डरच्या नावाचा फेरफार

इतिहास म्हटला की गड, सनदा, लढाया आणि तह हेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. घरच्या संगणकावरचे एक फोल्डर आपले नाव बदलू देत नाही, ही तक्रार इतिहासाच्या व्याख्यानात कोठून आली, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच होय. आमचे म्हणणे एवढेच की, ह्या तक्रारीचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते. जे फोल्डर आज आपणांस नकार देते, ते पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणी दुसऱ्याच कोणाला दिलेला शब्द पाळीत असते. शब्द कोणाचा, आणि तो कोणाला दिला, हे उलगडले की नकाराचा राग येत नाही आणि उपायही हाती लागतो.

उदाहरण जवळचेच घेऊ. माजिवडा हे ठाण्याचे एक जुने गाव. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गाला घोडबंदरचा रस्ता येथेच फुटतो. शेते होती तेथे कारखाने आले, कारखान्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहिल्या. गावाचे नाव कोणी माजिवडा लिहितो, कोणी माजिवडे, कोणी माजीवाडा. त्यावर कोणाचे भांडण नाही. ह्या इमारतींतून घरोघर संगणक आहे, आणि त्यात घराचे सारे दप्तर आहे: सदनिकेचा करारनामा, गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार, मुलांचे दाखले, लग्नाची छायाचित्रे, आणि जुन्या घराण्यांकडे वडिलोपार्जित जमिनीचे उतारे. अशा घरातला कोणी कर्तबगार मुलगा एके दिवशी हे दप्तर लावावयास बसतो. उताऱ्यांच्या फोल्डरला तो सरळ नाव देऊ पाहतो ‘७/१२’, आणि यंत्र त्याला ते नाव लिहूच देत नाही. नऊ चिन्हे फाइलच्या नावात चालत नाहीत, असे ते सांगते, आणि त्या नवांत ही तिरपी रेघ आहे. महाराष्ट्रात ज्या कागदावाचून जमिनीचे पान हलत नाही, त्या कागदाचे नाव विंडोजवाल्या संगणकाला ठाऊक नाही!

सातबाऱ्याचाच विषय निघाला आहे, तर त्याच व्यवहारातली एक उपमा आम्ही पुढे सर्वत्र वापरणार आहोत. जमिनीवरचे नाव बदलावयाचे म्हणजे जमिनीला हात लावावा लागत नाही. हात लागतो तो नोंदवहीला. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तेथे नोंद धरली जाते, संबंधितांस नोटीस जाते, कोणाची हरकत असल्यास ती ऐकली जाते, आणि मग नोंद प्रमाणित होऊन सातबाऱ्यावर नाव चढते. फोल्डरचे नावही असेच. ते फोल्डरच्या आतल्या कागदांवर लिहिलेले नसते. डिस्कवरच्या नोंदवहीत असते. म्हणून तर हजारो छायाचित्रांनी भरलेल्या फोल्डरचे नाव डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बदलते. आणि बदलत नाही तेव्हा समजावे की, नोटीस गेली आणि कोणाची तरी हरकत आली. हरकत कोणाची, हाच सगळा प्रश्न. ज्याला हे सुचत नाही तो चिडून यंत्राला दोष देतो, किंवा कोणा माहितगाराच्या सांगण्यावरून सारी डिस्क पुसून टाकतो. नावाच्या दुरुस्तीसाठी जमीनच नांगरून टाकण्यासारखे ते आहे, आणि त्यात उतारे, छायाचित्रे, दाखले सगळेच जाते.

आता ती तिरपी रेघ. १९६९ पासून अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली घडविली. तीत फोल्डरच्या आत फोल्डर अशी मांडणी होती आणि एकापासून दुसऱ्यास वेगळे दाखविण्यास तिरपी रेघ होती. घरगुती संगणकाचे घराणे मात्र निराळे. गॅरी किल्डॉल ह्याने १९७४ च्या सुमारास सीपीएम नावाची छोटी कार्यप्रणाली लिहिली. तिच्या धर्तीवर सिॲटलच्या टिम पॅटरसनने १९८० साली दुसरी लिहिली. ती मायक्रोसॉफ्टने १९८१ साली विकत घेतली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती डॉस म्हणून बाहेर पडली. ह्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. लवचिक तबकडीवर फाइली असत त्या एकाच रांगेत, आणि नाव आठ अक्षरांचे, पुढे टिंब देऊन तीन अक्षरांचे आडनाव. तिरपी रेघ मोकळीच होती, म्हणून ती आज्ञेला जोडावयाच्या सूचनांसाठी वापरली गेली. १९८३ साली दहा मेगाबाइटांची कठीण डिस्क असलेला संगणक आला, तेव्हा फोल्डरांवाचून चालेना. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्सची मांडणी उचलली. परंतु रेघ आधीच दुसऱ्या कामाला लावलेली! मग उलटी तिरपी रेघ घेण्यात आली. गंमत अशी की, आतल्या यंत्रणेने दोन्ही रेघा मार्गदर्शक म्हणून मानल्या, आणि म्हणून दोन्ही नावातून हद्दपार झाल्या. विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबे ‘सी’, ‘डी’ अशा डिस्कांच्या नावामागे सीपीएमच्या काळापासून बसली होती. तारका व प्रश्नचिन्ह ही ‘कोणतेही अक्षर’ ह्या अर्थाने राखलेली, दोन कोन आणि उभी रेघ ही युनिक्सकडून आलेली, आज्ञेचे उत्तर इकडून तिकडे वळविण्याची चिन्हे. नवातले प्रत्येक चिन्ह असे कोणाच्या तरी कुळात गेलेले आहे. मॅकिंटॉश १९८४ साली निराळ्या घराण्यात जन्मला, त्याने आपल्या मार्गांसाठी दोन टिंबे घेतली. म्हणून मॅकवर आजही फोल्डरला ‘७/१२’ हे नाव सुखाने देता येते.

ह्या काळासंबंधी आणखी एक गोष्ट आजच्या तरुणांस खरी वाटणार नाही. फोल्डर आले १९८३ साली. पण डॉसच्या स्वतःच्या आज्ञावलीत फोल्डरचे नाव बदलण्याची सोय आली १९९३ साली, सहाव्या आवृत्तीत. नाव बदलण्याची आज्ञा होती, परंतु ती फाइलींपुरती. मधली दहा वर्षे ज्याला फोल्डरचे नाव बदलावेसे वाटे, त्याने नवे फोल्डर करावे, जुन्यातले सारे त्यात उतरवून घ्यावे, आणि जुने मोडावे. नाही तर कोणा तिसऱ्याने विकावयास काढलेले साधन घ्यावे, किंवा पुढे विंडोजच्या फाइल मॅनेजरची मदत घ्यावी. तेव्हा नाव न बदलणे हा अपवाद नव्हता, तोच नियम होता. जुन्या पद्धतीचा तो उपाय आजही हुकमी आहे हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे: फोल्डर हटत नसेल तर शेजारी हव्या त्या नावाचे नवे करावे, मजकुराची नक्कल त्यात घ्यावी, नक्कल तपासून पाहावी, आणि जुन्याची घाई करू नये.

ह्याच जुन्या काळातून ‘कॉन’ची कथा निघते. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे ई-मेलमधून एक मजकूर हातोहात फिरत होता. एका भारतीयाने शोध लावला आहे, म्हणे, की संगणकावर ‘कॉन’ ह्या नावाचे फोल्डर कोणालाच करता येत नाही, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनाही ह्याचे कारण सांगता आले नाही! मुंबई-ठाण्याच्या कचेऱ्यांतून हा मजकूर घरोघर पोहोचला. लोकांनी सी, ओ, एन ही तीन रोमन अक्षरे टंकून पाहिली, आणि नाव खरोखरच चढेना तेव्हा चकित होऊन तो आणखी दहाजणांस धाडला. आज तोच मजकूर मधूनमधून भ्रमणध्वनीवर फिरताना दिसतो. अनुभव खरा, फुशारकी मात्र सपशेल खोटी.

कारण साधे आहे. ‘कॉन’ म्हणजे कन्सोल, अर्थात कळफलक आणि पडदा मिळून जे होते ते. सीपीएममध्ये आणि नंतर डॉसमध्ये अशी काही नावे यंत्राच्या अवयवांना दिलेली होती: ‘पीआरएन’ म्हणजे छपाईयंत्र, ‘ऑक्स’ म्हणजे जोडउपकरण, ‘नल’ म्हणजे शून्य (त्यात जे टाकाल ते नाहीसे होते), शिवाय ‘कॉम’ आणि ‘एलपीटी’ ह्यांच्यापुढे आकडे लावून झालेली. फाइलच्या जागी हे नाव लिहिले की मजकूर डिस्कवर जाण्याऐवजी त्या अवयवाकडे जाई. फोल्डर आले तेव्हा प्रश्न पडला की, ही नावे आता कोठे राहणार? जुने प्रोग्राम फोल्डर जाणत नव्हते. ते कोणत्याही फोल्डरात बसून ‘पीआरएन’कडे मजकूर धाडणार. ते चालू राहावेत म्हणून ठरले की, ही नावे प्रत्येक फोल्डरात आधीपासून आहेतच असे समजावयाचे. एवढ्या एका निर्णयामुळे ती नावे पुढील साऱ्या पिढ्यांसाठी राखून ठेवली गेली. मूळचे प्रोग्राम कधीच इतिहासजमा झाले. शब्द मात्र राहिला.

आम्हांस ह्यातली खरी नवलाची गोष्ट निराळीच वाटते. त्याआधी दहाच वर्षे आपल्या गावोगावच्या संगणकवर्गांतून डॉस शिकविले जात असे, आणि नवी फाइल करण्याचा पहिला धडा म्हणजे ‘कॉपी कॉन’. कळफलकावरून जे येईल ते फाइलीत उतरव, असा त्या आज्ञेचा अर्थ. शुल्क भरून प्रमाणपत्र घेतलेल्या हजारो लोकांनी ती आज्ञा शेकडो वेळा टंकली होती. ज्या घरात तो ई-मेल आश्चर्याने वाचला गेला, त्यांपैकी कित्येक घरांत उत्तर ठाऊक असणारा काका शेजारच्या खोलीत बसलेला होता. पण आज्ञा घोकलेली, अर्थ विचारलेला नाही! उत्तर घरात असूनही त्याचा शोध आणि अभिमान दूर कोठे तरी बांधला गेला. इतिहासाची आबाळ अशीही होते.

‘कॉन’ नावाचे फोल्डर करता येतच नाही असेही नव्हे. मार्गाच्या आरंभी दोन उलट्या तिरप्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटी रेघ अशी खूण केली, तर विंडोज नावाची नेहमीची छाननी न करता ते जसेच्या तसे डिस्ककडे पाठविते. कोणी खट्याळ मुले अशा रीतीने ते करून ठेवतात, आणि मग ते नेहमीच्या मार्गाने बदलता येत नाही की मोडता येत नाही. जी खूण वापरून ते जन्मले तीच खूण वापरून, आज्ञेच्या खिडकीतून, ते मोडावे लागते.

ह्याच जातीची दुसरी अडचण आम्हां मराठी लोकांना विशेष भोवते, ती शेवटच्या टिंबाची. आपल्याला संक्षेपांची मोठी हौस: ‘ठा. म. पा.’, ‘स. नं.’, ‘वगैरे.’ विंडोज नावाच्या शेवटचे टिंब आणि शेवटची मोकळी जागा मुकाट्याने गाळते. परंतु दुसऱ्या कार्यप्रणालीवर केलेले फोल्डर शेवटच्या टिंबासह डिस्कवर येऊन बसले, तर विंडोजला ते दिसते खरे, पण हाक मारताना ते टिंब गाळून हाक मारते, आणि त्या नावाचे कोणी नाही म्हणून परत येते. मग ‘असे फोल्डर अस्तित्वात नाही’ असा संदेश समोर दिसणाऱ्या फोल्डराविषयीच मिळतो! उपाय वर सांगितलेल्या खुणेचाच. दोन टिंबांचेही तसेच: ‘नि:शुल्क शिबिर’, ‘स्वत:चे कागद’ लिहिताना पुष्कळजण विसर्गाच्या जागी कळफलकावरची दोन टिंबे दाबतात, आणि यंत्र ते डिस्कचे चिन्ह समजून नाकारते. खरा विसर्ग टंकला की नाव विनातक्रार चढते. शुद्धलेखनाची शिस्त लावणारा इतका कडक मास्तर आता शाळेतही मिळणार नाही.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले. त्याने ‘डिरेक्टरी’ जाऊन ‘फोल्डर’ हा शब्द रूढ केला आणि आठ अक्षरांच्या जागी २५५ पर्यंत अक्षरांचे नाव दिले. तरी जुन्या प्रोग्रामांसाठी प्रत्येक लांब नावामागे एक आखूड नाव गुपचूप ठेवलेच: पहिली सहा रोमन अक्षरे, नागमोडी रेघ, आणि एक. नाव २५५ अक्षरांचे झाले. सबंध मार्ग मात्र २६० अक्षरांतच बसला पाहिजे हा दंडक कायम राहिला. डिस्कच्या नावापासून शेवटच्या फाइलीपर्यंत सारे त्यात यावयाचे. ज्याने घराचे दप्तर लावताना फोल्डरात फोल्डर असे सात-आठ मजले चढविले, त्याला वरच्या एखाद्या मजल्याचे नाव थोडे लांबविताच नकार मिळतो तो ह्यामुळे. २०१६ साली विंडोज १० च्या एका आवृत्तीत हा दंडक उठविण्याची सवलत मिळाली, पण ती मागून घ्यावी लागते, आणि पुष्कळ प्रोग्राम आजही जुनाच हिशेब धरून चालतात.

ह्या हिशेबात देवनागरीला थोडा भुर्दंड पडतो. डोळ्यांना ‘माजिवडा’ ही चार अक्षरे; यंत्र म, काना, ज, वेलांटी, व, ड, काना अशी सात मोजते. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याला श्रीस्थानक म्हटले आहे. डोळ्यांना ती चार अक्षरे, यंत्राला दहा. विंडोज २००० पासून देवनागरी नावे रीतसर देता येऊ लागली. त्यापूर्वी फाइलीतला मजकूर मराठी आणि फाइलीचे नाव रोमन, अशीच वहिवाट होती. युनिकोडमध्येही एक मेख आहे. ‘दुसऱ्या’ ह्या शब्दातला तो कोरलेला रफार दोन रीतींनी टंकता येतो, आणि ‘ॲ’ ह्या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले २००८ साली. त्यापूर्वी ते निराळ्या जोडणीने लिहीत. त्यामुळे अगदी एकसारख्या दिसणाऱ्या नावांची दोन फोल्डरे शेजारीशेजारी नांदू शकतात. एकाचे नाव बदलले आणि ते तसेच दिसते आहे अशी तक्रार आली, तर आधी शेजारी त्याचा जुळा आहे का, ते पाहावे.

येथवर झाली ती जुन्या शब्दांची हरकत. पण रोजच्या व्यवहारात फोल्डर अडते ते बहुधा दुसऱ्याच कारणाने: त्यावर या घटकेस कोणी तरी बसलेले असते. येथे पुन्हा दोन घराण्यांचा फरक पाहण्यासारखा आहे. युनिक्सचा जन्म अनेकांनी एकच यंत्र वापरण्यासाठी झाला. तेथे नाव निराळे आणि वस्तू निराळी; उघड्या फाइलीचे नाव बदलले तरी वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डॉस एकट्या माणसासाठी जन्मले. त्याला दुसऱ्याशी वाटून घेण्याची वेळ १९८४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली, आणि त्याने मार्ग काढला तो कुलपाचा. फाइल उघडणाऱ्याने सांगावयाचे की, मी असेपर्यंत दुसऱ्याने वाचावे की नाही, लिहावे की नाही. पुढे विंडोजने हीच रीत वाढविली. बहुतेक प्रोग्राम हलविण्याची मोकळीक देत नाहीत, आणि आतली एक फाइल उघडी असली तरी बाहेरच्या फोल्डरचे नाव बदलत नाही. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा रकाना असतो. मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत, पण कुळाची नोंद, कर्जाचा बोजा ह्या सगळ्या गोष्टी त्या लहान रकान्यात. फोल्डरचा तो रकाना पडद्यावर सहज दिसत नाही, एवढीच अडचण.

कूळ कोण असते? कधी खाली दडवलेल्या खिडकीतला करारनामा, कधी गाणी वाजविणारा प्रोग्राम, कधी विषाणू शोधणारा पहारेकरी, कधी आज्ञेची काळी खिडकी जी त्याच फोल्डरात उभी आहे. एके काळी तर खुद्द विंडोजच छायाचित्रांची इवली रूपे एका दडलेल्या फाइलीत साठवी, आणि तीच धरून बसे. मग ‘हे फोल्डर विंडोज एक्सप्लोररमध्ये उघडे आहे’ असा निरोप विंडोज एक्सप्लोररच देई. अलीकडे कूळ असते ते मेघसाठ्याचे: घरच्या फोल्डरची नक्कल दूरच्या यंत्रावर चढविणारा प्रोग्राम काम संपेपर्यंत फाइली सोडीत नाही. त्याला घटकाभर थांबविले की नाव बदलते. (मायक्रोसॉफ्टचा असा साठा पूर्वी स्कायड्राइव्ह म्हणून ओळखला जाई. ‘स्काय’ ह्या शब्दावर एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीने हरकत घेतली, २०१३ साली इंग्लंडच्या न्यायालयात मायक्रोसॉफ्ट हरली, आणि २०१४ साली त्याचे वनड्राइव्ह झाले. नाव बदलणे कोणालाच सोपे गेलेले नाही.)

अशा वेळी पडद्यावरचा निरोप शेवटपर्यंत वाचावा. तो बहुधा खरे सांगतो. ‘दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडे आहे’ असा त्याचा आशय असेल तर विंडोज ७ पासून घरोघर असलेला रिसोर्स मॉनिटर उघडावा, त्यातील सीपीयूच्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ नावाची जागा आहे, तेथे फोल्डरचे नाव टंकावे. कूळ नावानिशी समोर येते. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज संचात फाइल लॉकस्मिथ नावाचे साधन आहे, ते हेच काम उजव्या टिचकीवर करते. ज्याला एवढी खटपट नको त्याने यंत्र पुन्हा सुरू करावे. मात्र ‘शटडाउन’ करून परत चालू करण्यापेक्षा ‘रीस्टार्ट’ म्हणावे. २०१२ च्या विंडोज ८ पासून शटडाउन बहुधा अर्धवट झोप असते. लवकर जागे होता यावे म्हणून यंत्र गाभ्याची आठवण राखून ठेवते. रीस्टार्टमध्ये ती पुसली जाते.

तिसरी हरकत मालकीची, आणि हीच सर्वांत अधिक नुकसान करविते. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही नोंदवही आली. तीत प्रत्येक फाइलीचा मालक आणि त्यावरील हक्क लिहिले जाऊ लागले. ही कचेऱ्यांची व्यवस्था होती. २००१ च्या विंडोज एक्सपीने ती घरात आणली, आणि घरातल्या माणसांना कोणी ती समजावून सांगितली नाही. होते असे: जुना संगणक बंद पडतो, त्याची डिस्क काढून नव्याला जोडतात, फोल्डर दिसतात, पण नाव बदलू जाता उत्तर येते की, एस-१-५-२१ अशा आरंभाच्या कोणा लांबलचक आकड्याची परवानगी आणा. तो आकडा म्हणजे जुन्या संगणकावरचे आपलेच खाते! खाते गेले, मालकी त्याच्या नावे राहिली. मयताच्या नावावर राहिलेल्या जमिनीचे जे होते तेच येथे होते, आणि उपायही तोच: वारसनोंद. फोल्डरच्या गुणधर्मांत सुरक्षेच्या पानावर, प्रगत विभागात, मालक बदलून आपले चालू खाते घालावे, आणि आतल्या सर्वांस लागू करावे. मजकूर जसाच्या तसा राहतो. ‘ही डिस्क बिघडली, फॉरमॅट करावी लागेल’ असे कोणी सांगितले, तर हे करून पाहिल्याशिवाय ऐकू नये. वडिलांनी जन्मभर जमविलेले कागद केवळ एका आकड्याची ओळख न पटल्यामुळे पुसले जावेत, ह्यासारखा दैवदुर्विलास नाही. उलट टोकही टाळावे. सबंध ‘सी’ डिस्कची मालकी आपल्या नावे करून घेणे म्हणजे गावची गायरान आणि स्मशानभूमी आपल्या सातबाऱ्यावर चढविणे. विंडोज व्हिस्टापासून यंत्रणेच्या फाइलींचा मालक मुद्दाम निराळा ठेवलेला आहे. तो तसाच असू द्यावा.

फोल्डरच्या गुणधर्मांत ‘केवळ वाचनासाठी’ अशी एक चौकट भरलेली दिसते आणि पुष्कळजण तिच्याशी झगडत बसतात. फोल्डरच्या बाबतीत तिचा त्या अर्थाशी संबंध नाही; ह्या फोल्डरला खास चित्र किंवा खास नाव दिलेले आहे एवढेच ती यंत्राला सुचविते. तिला दोष देण्यात वेळ घालवू नये.

राहिला एक प्रकार, ज्यात नाव बदलल्यासारखे दिसते पण बदललेले नसते. मराठी भाषेचा संच घातलेल्या विंडोजवर ‘डेस्कटॉप’ देवनागरीत दिसते. नोंदवहीत ते रोमनच असते. खात्याचे नाव बदलले तरी त्या खात्याचे मूळ फोल्डर, विक्रेत्याने पहिल्या दिवशी जे घातले तेच राहते, आणि ते बळेच बदलले तर खाते उघडताना गोंधळ होतो, कारण तो मार्ग इतर शंभर ठिकाणी लिहिलेला असतो. व्हिस्टाने २००७ साली घरातल्या माणसांच्या फोल्डरांचे ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हे नाव बदलून ‘यूजर्स’ केले. तरी जुन्या प्रोग्रामांसाठी जुन्या नावाची एक पाटी तेथेच ठेवली. तीवर टिचकी मारली की ‘प्रवेश नाही’. पाटी आहे, दार नाही.

ठाणेकरांना हे परके वाटू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली ती इंग्रजांच्या ‘ठाणा’ला. स्थानकाचे नाव पुढे ठाणे झाले, पाट्या बदलल्या. पण रेल्वेच्या दप्तरातले तीन अक्षरांचे संक्षिप्त नाव ‘टीएनए’ आजही तेच आहे, शेवटच्या अक्षरात जुना ‘ठाणा’ जपून. शहराचे नाव १९९५ साली मुंबई झाले. विमानतळाची खूण ‘बीओएम’च राहिली, आणि उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव आजही बॉम्बेच आहे. त्या खुणांवर किती तिकिटे, किती निवाडे, किती वेळापत्रके उभी आहेत हे ज्याला कळते, तो संगणकाच्या मूळ फोल्डरला हात लावीत नाही. त्याला नवे नाव हवेच असेल तर तो नवे खाते काढतो आणि आपले कागद तिकडे नेतो.

आणि उताऱ्यांच्या त्या फोल्डरला ‘सातबारा’ असे अक्षरी नाव द्यावे, किंवा ‘७-१२’ लिहावे. तिरप्या रेघेसारखी हुबेहूब दिसणारी दुसरी चिन्हे युनिकोडमध्ये आहेत, ती घातली तर यंत्र नाव स्वीकारते. काही हुशार मंडळी तसे करतातही. पण पुढे मुलाने किंवा नातवाने कळफलकावरची साधी रेघ टंकून शोध घेतला की त्याला काही सापडत नाही, आणि उतारे हरवले असे समजून तो तलाठी कार्यालयाची वाट धरतो.